दस्तऐवजांतले दुवे : आवृत्तीचे द्यावेत की कायम ‘चालू’ पानाचे?

अर्धविराम (धागाकर्ती)

नमस्कार. आमचे सॉफ्टवेअर ग्राहकांच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसते, त्यामुळे त्याच्या तीन-चार आवृत्त्या एकाच वेळी वापरात असतात. त्याच्या माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या गटात मी काम करते. सध्या आम्ही लेखनाची नियमावली नव्याने करीत आहोत आणि एका कलमावर गाडी अडली आहे : बाहेरच्या दस्तऐवजांचा दुवा देताना पत्त्यात आवृत्तीचा आकडा ठेवावा की काढावा?

ज्यांना हा प्रश्न नवा आहे त्यांच्यासाठी सांगते. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या संकेतस्थळावर, पत्त्यात ‘डॉक्स’पुढे १५ लिहिले तर पंधराव्या आवृत्तीचे पान उघडते आणि ‘करंट’ लिहिले तर त्या दिवशी जी आवृत्ती सर्वांत ताजी असेल तिचे. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पत्त्यात नुसते ३ लिहिले की त्या मालिकेतली चालू आवृत्ती मिळते, ३.८ लिहिले की ३.८चीच. जँगो या पायथॉनमधल्या वेब-चौकटीत ‘स्टेबल’ लिहिण्याची सोय आहे.

माझा कल चालू दुव्याकडे आहे. पोस्टग्रेस्क्यूएलची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि तिला साधारण पाच वर्षे आधार मिळतो. आमच्या पुस्तिकांत अजूनही ९.६चे दुवे आहेत आणि त्या आवृत्तीचा आधार नोव्हेंबर २०२१मध्येच संपला. आकडा एकदा पत्त्यात शिरला की तो बदलायला पुन्हा कोणी फिरकत नाही, आणि वाचक मात्र सुरक्षेविषयीचा कालबाह्य सल्ला प्रमाण मानून चालतो. माझ्या सहकाऱ्याचे मत याच्या अगदी उलट आहे. आपला अनुभव काय सांगतो?

रात्रपाळी

मी डेटाबेस सांभाळतो आणि आपल्या सहकाऱ्याच्या बाजूने आहे.

पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये ‘मर्ज’ ही आज्ञा १५व्या आवृत्तीत, म्हणजे २०२२मध्ये आली. तिला ‘रिटर्निंग’ जोडून बदललेल्या ओळी परत मिळवण्याची सोय १७व्या आवृत्तीत, २०२४मध्ये आली. ‘करंट’चे पान उघडून पाहा. आज्ञेचा साचा सलग छापलेला आहे, ‘रिटर्निंग’ त्याच्या शेवटच्या ओळीत आहे, आणि ही ओळ नंतर आली असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. ज्याच्या सर्व्हरवर १५ आहे तो माणूस ती आज्ञा जशीच्या तशी उतरवून घेतो आणि त्याला सिंटॅक्स एरर मिळते. अशा वेळी पान चुकले असे कोणालाच वाटत नाही. तो स्वल्पविराम तपासतो, कंस मोजतो, शेवटी मला फोन करतो. फोनची वेळ माझ्या नावावरून ओळखावी.

उलट बाजूचेही उदाहरण देतो. १४व्या आवृत्तीपर्यंत ‘पब्लिक’ या स्कीमात (टेबलांच्या गटात) कोणालाही टेबल तयार करता येत असे. १५पासून नव्या डेटाबेसमध्ये हा सरसकट अधिकार काढून घेतला गेला. आपल्या पुस्तिकेतल्या पायऱ्या १४वर तपासलेल्या असतील आणि दुवा मात्र ‘करंट’चा असेल, तर आपण लिहिलेला मजकूर आणि आपण दाखवलेले पान एकमेकांच्या विरुद्ध बोलू लागतात. दुवा देणे म्हणजे त्या पानाची जबाबदारी अंशतः आपल्या शिरावर घेणे होय. जे पान उद्या बदलणार आहे त्याची जबाबदारी आज कशी घ्यावी?

खडूफळा

रात्रपाळी यांच्याशी शंभर टक्के सहमत. माझे विद्यार्थी तर कंसही मोजत नाहीत, थेट संगणक बदलून मागतात.

सर्पमित्र

पोस्टग्रेस्क्यूएलवरून सर्वांना एकच न्याय लावू नये.

पायथॉनच्या दस्तऐवजांत प्रत्येक बदलाची नोंद त्याच पानावर असते. दोन डिक्शनरी उभ्या रेघेच्या चिन्हाने जोडण्याची सोय ३.९मध्ये आली, आणि त्या वर्णनाखालीच ‘३.९मध्ये समाविष्ट’ असे लिहिलेले आहे. रेड हॅट ८ या लिनक्सवर मूळचे पायथॉन ३.६ असते. तो सर्व्हर वापरणारा माणूस चालू पान वाचूनही ओळखू शकतो की ही सोय आपल्यासाठी नाही. पान स्वतःच आपला इतिहास सांगत असेल तर चालू दुवा पुरेसा आहे, किंबहुना तोच चांगला आहे, कारण जुन्या पानावर पुढे काय बदलले ते कळायला मार्ग नसतो.

काढून टाकलेल्या गोष्टींचाही त्यांनी विचार केला आहे. ‘डिस्टयूटिल्स’ हे मोड्यूल ३.१२मध्ये गेले. ‘सीजीआय’, ‘टेलनेटलिब’ आणि त्यांच्यासारखी बरीच जुनी मोड्यूल्स २०२४च्या ३.१३मध्ये गेली. तरी त्यांची पाने त्याच पत्त्यावर शिल्लक आहेत : हे मोड्यूल अमुक आवृत्तीत काढले, ज्या आवृत्तीत ते शेवटचे होते तिचे पान इथे पाहा, एवढाच मजकूर. माझ्या मते चालू पत्ता देऊ करणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाचे हे किमान कर्तव्य आहे. कुबरनेटीस या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या प्रणालीनेही ‘पॉड सिक्युरिटी पॉलिसी’ ही सोय १.२५मध्ये काढल्यावर तिचे पान असेच ठेवले.

रात्रपाळी

सर्पमित्र, मुद्दा मान्य आहे, आणि न्यायाने सांगायचे तर पोस्टग्रेस्क्यूएलनेही यातला अर्धा भाग केला आहे. १२व्या आवृत्तीत, २०१९मध्ये, ‘रिकव्हरी डॉट कॉन्फ’ ही वेगळी फाईल बंद होऊन तिच्यातल्या मांडण्या मुख्य फाईलमध्ये गेल्या. तिच्या पानाचे ‘करंट’चे दुवे जगभर पसरलेले होते. आता दस्तऐवजांच्या शेवटी ‘कालबाह्य झालेल्या किंवा नाव बदललेल्या सोयी’ असे एक परिशिष्ट आहे आणि जुना दुवा त्यातल्या छोट्या पानावर नेऊन सोडतो. गेले काय ते कळते. आले कधी ते मात्र पानावर कळत नाही, आणि माझी तक्रार तेवढ्याचपुरती आहे.

अर्धविराम

म्हणजे नियम प्रकल्पागणिक बदलणार? आमच्या पुस्तिकांतून बाहेर जाणारे दुवे डझनभर निरनिराळ्या प्रकल्पांचे आहेत. कोणता प्रकल्प आपल्या पानांवर इतिहास लिहितो आणि कोणता नाही, याची यादी नियमावलीत ठेवली तर ती यादीच पहिल्यांदा शिळी होईल.

नवशिक्या

मी विद्यार्थी आहे, चूकभूल द्यावी घ्यावी. ‘रीड द डॉक्स’ या दस्तऐवजांच्या संकेतस्थळावर ‘लेटेस्ट’ आणि ‘स्टेबल’ असे दोन पर्याय असतात. मी नेहमी ‘लेटेस्ट’ निवडतो, कारण ताजे ते चांगले असा माझा समज होता. पण त्यावरची काही फंक्शन्स माझ्याकडे इन्स्टॉलच होत नाहीत. असे का व्हावे?

सर्पमित्र

नवशिक्या, ‘लेटेस्ट’ म्हणजे प्रकल्पाच्या मुख्य शाखेवर, म्हणजे कोडच्या कामाच्या प्रतीत, आज जे आहे ते. ते अजून प्रकाशित झालेले असेलच असे नाही. ‘स्टेबल’ म्हणजे प्रकाशित झालेल्यांपैकी सर्वांत वरची आवृत्ती. पिप हे इन्स्टॉल करणारे साधन तुम्हाला प्रकाशित झालेले देते आणि पान तुम्हाला उद्याचे दाखवते, म्हणून मेळ बसत नाही. दुवा देणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. ‘चालू दुवा द्या’ असे नियमावलीत लिहिले की अर्धे लोक ‘स्टेबल’ देणार आणि अर्धे ‘लेटेस्ट’.

खडूफळा

डॉकरच्या प्रतिमांवरचा (म्हणजे प्रोग्रॅमच्या तयार गठ्ठ्यांवरचा) ‘लेटेस्ट’ हा शिक्कासुद्धा खरोखर ताजेपणाची हमी देत नाही. कोणताच शिक्का दिला नाही तर आपोआप लागणारे ते नाव आहे, एवढेच. या शब्दावर काही वर्षे बंदी घालावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

वाटाड्या

मी संकेतस्थळांचे काम करतो, म्हणून दुसऱ्या टोकाचे थोडे सांगतो. आपण फक्त दुवा देणारे नाही, आपल्याही पुस्तिकांना कोणीतरी दुवा देत असेलच. तेव्हा आपल्या बाजूला या तीन गोष्टी नीट केलेल्या असाव्यात.

पहिली गोष्ट अशी की, ‘चालू’ पत्त्यावरून वाचकाला आकड्याच्या पत्त्याकडे वळवायचे असेल तर ते वळण तात्पुरते म्हणून जाहीर करावे, म्हणजे सर्व्हरने ३०२ किंवा ३०७ हा संकेतांक पाठवावा. मी अनेक ठिकाणी ३०१ पाहिले आहे. ३०१चा अर्थ ‘कायमचे हलले’ असा असल्यामुळे ब्राउझर ते लक्षात ठेवतो, आणि पुढची आवृत्ती आली तरी त्या वाचकाला सर्व्हरला न विचारताच जुन्या आकड्याकडे घेऊन जातो. सर्व्हरवर सगळे बरोबर दिसते, आपल्या संगणकावर बरोबर दिसते, तक्रार करणाऱ्याकडे मात्र चूक. शोधायला फार त्रासदायक प्रकार आहे.

दुसरी गोष्ट पत्त्यातल्या हॅशच्या चिन्हापुढच्या भागाची. पानातल्या विशिष्ट परिच्छेदावर नेणारा हा तुकडा ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. त्यामुळे पानाचे नाव बदलले तर सर्व्हरवरून वाचकाला वळवता येते, पण परिच्छेदाच्या खुणेचे नाव बदलले तर सर्व्हरला ते कळतसुद्धा नाही. वाचक पानाच्या माथ्यावर उतरतो आणि दुवा चालतो आहे असेच सर्वांना वाटते. म्हणून मथळा बदलला तरी जुनी खूण त्याच जागी राहू द्यावी. बरीच साधने खुणेचे नाव मथळ्यावरून आपोआप बनवतात. शुद्धलेखन सुधारले की दुवा तुटला, असे तिथे सहज घडते.

तिसरी गोष्ट शोधयंत्रांची. एकाच मजकुराची दहा आवृत्त्यांची दहा पाने असली की शोधयंत्र बहुधा सर्वांत जुने पान वर आणते, कारण त्यालाच सर्वाधिक दुवे मिळालेले असतात. यांतले मुख्य पान कोणते हे सांगणारी ‘कॅनॉनिकल’ खूण गुगल आणि इतर शोधयंत्रांनी २००९मध्ये स्वीकारली. जुन्या आवृत्त्यांच्या पानांवर ती चालू पानाकडे रोखलेली असावी.

टाकसाळ

आपण सर्वजण इंटरनेट गृहीत धरून बोलत आहात. मी ज्या वित्तसंस्थेत काम करतो तिथल्या सर्व्हरांच्या जाळ्यातून बाहेरचे काहीच उघडत नाही. पुस्तिका पीडीएफ स्वरूपात आत येते, आणि तिच्यातला निळ्या रंगाचा ‘येथे पाहा’ हा मजकूर आमच्यासाठी शोभेचा असतो.

आमच्याकडे पोस्टग्रेस्क्यूएलचे दस्तऐवज पॅकेजबरोबर बसवलेले असतात. पॅकेज ज्या आवृत्तीचे, दस्तऐवज त्याच आवृत्तीचे, त्यामुळे या धाग्यातला वाद आमच्याकडे आपोआप मिटलेला आहे. अडचण येते ती दुव्यामागे काय होते हे वाक्यात लिहिलेले नसते म्हणून. ‘पोस्टग्रेस्क्यूएल १५चे दस्तऐवज, मर्ज या आज्ञेचे पान’ असे वाक्यात लिहिले तर आम्ही ते आमच्याकडच्या प्रतीत शोधू शकतो. पत्त्यात आकडा ठेवा अथवा ठेवू नका, वाक्यात मात्र जरूर ठेवा.

अर्धविराम

टाकसाळ, हे मला सुचले नव्हते आणि ते तंतोतंत पटले. ‘येथे पाहा’वर नियमावलीत बंदी आहेच, पण आमच्याकडे ती दृष्टिहीन वाचकांसाठी म्हणून आली होती.

बाराखडी

मी या क्षेत्रातला नाही. मंत्रालयात नोकरी करून निवृत्त झालो. अवांतर वाटल्यास सोडून द्यावे, परंतु वाचताना आमचे शासन निर्णय आठवले.

प्रत्येक शासन निर्णयाला क्रमांक आणि दिनांक असतो, आणि वरच्या भागात ‘वाचा’ या शीर्षकाखाली आधीचे संबंधित निर्णय क्रमांक-दिनांकासह दिलेले असतात. ‘याविषयीचा सध्याचा निर्णय पाहावा’ असे मोघम कोणी लिहीत नाही, कारण ज्या दिवशी आदेश निघाला त्या दिवशी कोणता नियम लागू होता हे वीस वर्षांनी लेखापरीक्षणात विचारले जाते. नव्या निर्णयावरून मागे जाणे म्हणूनच सोपे असते. जुना निर्णय हाती असताना पुढे तो अधिक्रमित झाला की नाही, हे मात्र त्या कागदावरून कधीच कळत नसे. त्यासाठी शाखेतली जाणती माणसे लागत. आपल्याकडे संगणक असूनही नेमका हाच प्रश्न शिल्लक आहे, असे दिसते.

वाटाड्या

बाराखडी काका, हे अवांतर मुळीच नाही. इंटरनेटचे मूळ नियम ज्या ‘आरएफसी’ नावाच्या दस्तऐवजांत आहेत, त्यांची रीत हुबेहूब अशीच आहे. एकदा क्रमांक देऊन प्रकाशित झालेल्या आरएफसीचा मजकूर पुन्हा बदलत नाही, चूक सापडली तरी ती वेगळ्या शुद्धिपत्रात नोंदवली जाते. एचटीटीपीचा १९९९चा आरएफसी २६१६ आजही तसाच आहे. २०१४मध्ये त्याची जागा ७२३० ते ७२३५ या सहांनी घेतली, आणि त्यांची जागा २०२२मध्ये ९११० ते ९११२ यांनी. जुन्या मजकुराला हात न लावता, त्याच्या माहितीच्या पानावर ‘हा अमुक क्रमांकाने रद्द केला आहे’ अशी नोंद नंतर चढवली जाते. शाखेतल्या जाणत्या माणसाचे काम ती नोंद करते.

‘चालू’ दुव्याचीही सोय त्यांच्याकडे आहे. ‘बीसीपी’ (सध्याच्या उत्तम रीती) या मालिकेतला ‘बीसीपी १४’ म्हटले की त्या विषयावर सध्या जे लागू आहे ते सर्व, म्हणजे १९९७चा २११९ आणि २०१७चा ८१७४ हे दोन्ही एकत्र. लिहिणाऱ्याला नेमका मजकूर हवा असेल तर त्याने आरएफसीचा क्रमांक द्यावा, विषय हवा असेल तर बीसीपीचा.

जँगोच्या जुन्या पानांवर ठळक पट्टी असते, ही आवृत्ती आता असुरक्षित आहे आणि तिला आधार नाही अशी. अशी पट्टी असेल तर धागाकर्तीची ९.६ची भीती पुष्कळच कमी होते.

शोधनिबंध

संशोधनातही दोन्ही पत्ते शेजारी शेजारी चालतात. ‘अर्काइव्ह’ (arXiv) या निबंधांच्या संग्रहावर निबंधाचा नुसता क्रमांक दिला की सर्वांत नवा मसुदा उघडतो आणि पुढे ‘व्ही१’ लावले की पहिलाच. झेनोडो या संशोधन-संग्रहावर तर प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) मिळतो आणि सर्व आवृत्त्यांना मिळून आणखी एक. निष्कर्ष ज्या आवृत्तीवर काढले तिचाच डीओआय निबंधात द्यावा, ही शिस्त आम्ही विद्यार्थ्यांना लावतो.

दुवा तुटणे आणि दुवा शाबूत राहून मजकूर बदलणे, यांतला दुसरा प्रकार अधिक घातक असतो. २०१४च्या सुमारास हार्वर्डच्या अभ्यासकांनी कायद्याच्या नियतकालिकांतले आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतले दुवे तपासले होते. निकालांतल्या सुमारे निम्म्या आणि नियतकालिकांतल्या ७० टक्क्यांहून अधिक दुव्यांवर, उद्धृत केलेली मूळ माहिती सापडली नाही. तुटलेला दुवा निदान कबुली तरी देतो.

सुतारपक्षी

मी एक छोटी लायब्ररी सांभाळतो. एका प्रकारच्या दुव्याकडे अजून कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही, तो म्हणजे प्रोग्रॅमच्या एरर संदेशांतला. तिथे हा वाद व्हायलाच नको, कारण प्रोग्रॅमला स्वतःची आवृत्ती ठाऊक असते. वाचकाला ‘तुमच्याकडे कोणती आहे’ असे विचारण्याची गरजच नाही.

एसक्यूएलअल्केमी ही पायथॉनची लायब्ररी याबाबतीत फार व्यवस्थित आहे. तिच्या एरर संदेशाच्या शेवटी एक आखूड पत्ता येतो, त्यात आवृत्तीचा आकडा असतो (१.४साठी १४, २.०साठी २०) आणि पुढे त्या एररचा सांकेतिक क्रमांक. तो पत्ता वळण देणाऱ्या स्वतंत्र डोमेनवर आहे, म्हणून उद्या दस्तऐवज दुसरीकडे हलवले तरी लोकांच्या यंत्रांवर आधीच बसलेल्या प्रतींतले दुवे निकामी होत नाहीत. पिडॅंटिक ही लायब्ररीही दुसऱ्या मोठ्या आवृत्तीपासून संदेशातल्या पत्त्यात आपला आकडा घालते.

याउलट पांडास या लायब्ररीचा तो सुप्रसिद्ध ‘सेटिंग विथ कॉपी’ इशारा पाहा. त्यातला दुवा ‘स्टेबल’चा आहे. मधल्या काळात दस्तऐवजांची रचना बदलली आणि ते पान ‘युजर गाईड’ या उपविभागात गेले. जुनी प्रत वापरणाऱ्याच्या पडद्यावर मात्र जुनाच पत्ता उमटत राहतो. एकदा प्रकाशित केलेल्या प्रोग्रॅममधला मजकूर परत बोलावता येत नाही. त्यामुळे संदेशात ‘स्टेबल’ लिहिणे म्हणजे आजच्या प्रोग्रॅमने भविष्यातल्या पानाविषयी हमी देण्यासारखे आहे.

खडूफळा

सुतारपक्षी, मग जँगोचे काय? नवा प्रकल्प सुरू केला की तयार होणाऱ्या सेटिंग्जच्या फाईलमध्ये टिपणीत दुवे येतात, आणि त्यांत ज्या आवृत्तीने फाईल तयार केली तिचा आकडा असतो. पुढे तुम्ही जँगो तीन वेळा अद्ययावत करा, टिपणी जुन्याच पानाकडे बोट दाखवत राहते. मी तर २.२चे दुवे असलेली फाईल ४.२वर चाललेली पाहिली आहे.

सुतारपक्षी

खरे आहे, पण ती टिपणी खोटे बोलत नाही. ही फाईल २.२ने जन्माला घातली, तेव्हाच्या मूळ मांडण्यांचे स्पष्टीकरण तिथे आहे, असे ती सांगते. जुन्या प्रकल्पात शिरताना मला त्या आकड्याचा फार उपयोग होतो, कारण कोणत्या आवृत्त्यांच्या बदलसूच्या वाचाव्या लागतील हे त्यावरूनच ठरते. तिथे ‘स्टेबल’ असते तर हा माग पुसला गेला असता.

नवशिक्या

गिटहबवरच्या कोडच्या विशिष्ट ओळीचा दुवा द्यायचा असेल तर काय करावे? मी दिलेला दुवा महिन्याभरात भलत्याच ओळीवर गेला.

सर्पमित्र

फाईल उघडून ‘वाय’ हे अक्षर दाबा. पत्त्यातले शाखेचे नाव जाऊन तिथे त्या कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे न बदलणारा ओळखक्रमांक, येतो. ओळीचा क्रमांक असलेला दुवा शाखेच्या नावावर कधीच देऊ नये. निदान या बाबतीत तरी दोन मते नसावीत.

वाटाड्या

नाहीत.

सर्पमित्र

अर्धविराम यांचा मूळ आक्षेप, म्हणजे आकडा बदलायला पुन्हा कोणी फिरकत नाही, हा मला आता दुव्यांचा दोष न वाटता साधनांचा वाटू लागला आहे. पायथॉनच्या जगात बहुतेक पुस्तिका स्फिंक्स या साधनावर बनतात. त्यात ‘इंटरस्फिंक्स’ नावाची सोय आहे. बाहेरच्या प्रकल्पाचा मूळ पत्ता मांडणीच्या फाईलमध्ये एकदाच लिहायचा आणि मजकुरात फक्त फंक्शनचे नाव द्यायचे. पूर्ण पत्ता पुस्तिका बनवताना त्या प्रकल्पाच्या सूचीवरून आपोआप लागतो. आकडा एकाच ओळीत राहतो. आपल्या सॉफ्टवेअरच्या ज्या शाखेवर पायथॉन ३.९ चालते त्या शाखेत ३.९, पुढच्या शाखेत ३.१३. शेकडो दुव्यांमागे धावण्याची गरज राहत नाही.

त्यानंतर स्फिंक्समधला ‘लिंकचेक’ हा दुवे तपासणारा भाग चालवावा. तो मेलेले पत्ते दाखवतो आणि हॅशपुढची खूण पानात आहे की नाही हेही पाहतो. म्हणजे वाटाड्या यांची दुसरी तक्रार निदान आपल्या बाजूने तरी पकडता येते.

शोधनिबंध

मजकूर बदलला असेल तर लिंकचेकला ते समजणार नाही.

सर्पमित्र

नाही समजणार. म्हणूनच शाखेत आकडा गोठवायचा. गोठवलेल्या पानावर बदल होतो तो किरकोळ दुरुस्त्यांचा.

अर्धविराम

चर्चेवरून कलमाचा मसुदा बदलला आहे. मत द्यावे.

मी आतापर्यंत दुव्याचे लक्ष्य पाहून विचार करीत होते. आता वाटते की दुवा कोणत्या वाक्यात बसला आहे ते आधी पाहावे. ‘ही पायरी करा, आणि या आज्ञेविषयी अधिक माहिती तिकडे’ असे वाक्य असेल तर वाचकाच्या सर्व्हरवर जी आवृत्ती आहे तिचाच आकडा हवा, आणि ती कोणती हे आमच्या त्या शाखेला माहीत असते. ‘आम्ही हा निर्णय अमुक कारणाने घेतला’ किंवा ‘ही त्रुटी अमुक वर्तनामुळे आहे’ असे वाक्य असेल, म्हणजे बदलसूची, निर्णयांच्या नोंदी, त्रुटींचे अहवाल, तर तिथेही आकडाच, आणि तो पुढे कधीच बदलायचा नाही. ‘पोस्टग्रेस्क्यूएल म्हणजे काय’, ‘सध्या कोणत्या आवृत्त्यांना आधार आहे’, ‘नवी प्रत कोठून घ्यावी’ असल्या वाक्यांना चालू दुवा. प्रोग्रॅमच्या संदेशांतल्या दुव्यांत प्रोग्रॅमने स्वतःचा आकडा घालावा आणि पत्ता आमच्याच वळणावरचा असावा. वाक्यात नाव आणि आवृत्ती शब्दांत लिहिणे सर्वत्र सक्तीचे.

माझा मूळ कल चालू दुव्याकडे होता. तो आता चौथ्या हिश्शापुरता उरला आहे.

रात्रपाळी

सुरक्षेविषयीची पाने चालू दुव्यांत घालावीत. माझा सगळा युक्तिवाद आज्ञांविषयी होता. पासवर्ड कोणत्या पद्धतीने साठवावा किंवा जोडणी कशी कूटबद्ध करावी, याबाबत जुन्या पानाशी प्रामाणिक राहण्यात काही शहाणपण नाही.

सुतारपक्षी

रात्रपाळी, इथे मी असहमत आहे. चालू पानावरची सुरक्षेची मांडणी त्याच्या जुन्या सर्व्हरवर चालली नाही तर तो ती सोडून देईल आणि काहीच करणार नाही. दोन्ही दुवे द्यावेत : त्याच्या आवृत्तीत आज काय शक्य आहे त्याचा, आणि आवृत्ती का बदलावी हे सांगणारा चालू.

रात्रपाळी

दोन दुवे दिले की लोक पहिलाच उघडतात.

सुतारपक्षी

मग पहिला त्याच्या आवृत्तीचा असू द्या.

अर्धविराम

सुरक्षेच्या पानांपुरते दोन्ही ठेवते, सुतारपक्षी म्हणतात त्या क्रमाने. रात्रपाळी यांचा आक्षेप मसुद्यात तळटीप म्हणून नोंदवला आहे.

टाकसाळ

एक शेवटची विनंती. पीडीएफ बनवताना पूर्ण पत्ता पानाच्या तळाशी छापला जाईल अशी मांडणी ठेवा. आमच्याकडे दुसऱ्या इमारतीत एक इंटरनेट असलेला संगणक आहे. तिथे जाऊन पत्ता हाताने टाईप करावा लागतो, तेव्हा तो शक्य तितका आखूडही असू द्या.

अर्धविराम

वळणाचा आखूड पत्ता संदेशांसाठी करणारच आहोत, तोच पीडीएफसाठीही वापरता येईल. वाटाड्या, तिथे ३०२च ठेवावे ना?

वाटाड्या

चालू पानाकडे जाणाऱ्या वळणांना ३०२. आकड्याच्या पानाकडे जाणाऱ्यांनाही माझ्या मते ३०२च ठेवा, कारण उद्या तुमचे दस्तऐवज ज्या डोमेनवर आहेत ते बदलणार नाही याची खात्री तुमचे विक्री खातेसुद्धा देणार नाही.